पाहुण्यांनी आणलेलं कार्ड

रविवार, ७ सप्टेंबर

रस्ता परत गायब! घाटाच्या ऐन वळणावर. खाली जांभळे चौकोन, वर हिरवे पट्टे, आणि आमचा ट्रक मधेच हवेत लटकलेला. करिष्मा ओरडली, "दादा, ब्रेक दाबू का देवाचं नाव घेऊ?" दोन्ही कर म्हटलं. तरी पडलाच. टोमॅटोचे सगळे क्रेट गेले.

सहा वर्षं हा एकच गेम खेळतोय आम्ही बहीण-भाऊ. ती ड्रायव्हर, मी क्लीनर. ती खुर्चीवर, मी शेजारच्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर. नकाशा माझ्याकडे, आणि "येऊ दे, येऊ दे, कट मार" हे ओरडणंही माझ्याकडे. कॉम्प्युटर मीच जोडलेला — पहिल्या पगारातून, पिंपरीतून एकेक पार्ट आणून. तेव्हा करिष्मा शाळेत होती. वाटीत स्क्रू घेऊन शेजारी बसली होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, ही वायर कशाची, ती वायर कशाची.

आईला समजावलं — कॉम्प्युटरचा मेंदू वेगळा आणि चित्र काढणारा वेगळा. हा चित्र काढणारा म्हातारा झालाय, तो बदलायचा. त्यालाच ग्राफिक कार्ड म्हणतात. आई म्हणाली, मग आधी चष्मा लावून बघ त्याला.

खंडूच्या दुकानात एक वापरलेलं कार्ड बघून ठेवलंय. जुनं आहे पण दणकट आहे, आणि आपल्या मशीनला झेपेल असं आहे. गुरुवारी सुट्टी. आणतोच.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आईने मोडता घातला. पितरपाट लागला! पंधरा दिवस घरात नवी वस्तू येणार नाही. म्हटलं, आई, नवं कुठे, वापरलेलं आहे. "मंग तर मुळीच नको! दुसऱ्याच्या घरातलं, ते बी पितरपाटात?"

आता हिच्यापुढे कुणी बोलायचं. खंडूला फोन करून सांगितलं, बाजूला ठेव. तो हसला. म्हणाला, भावा, निम्मी गिऱ्हाइकं हेच सांगायलीत.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पाहुणे आले.

म्हणजे रविराज. गणपतीच्या आधी करिष्माचा त्याच्याशी साखरपुडा झाला. चाकणजवळ वाडीवर घर, शेती, आणि हा भोसरीच्या एका कंपनीत पर्चेसला. सुट्टी त्यालाही गुरुवारचीच! आठवड्यात एक दिवस मला मिळतो, तोही आता वाटून घ्यायचा.

आईने सातला उठवलं, पंख्याची पाती पुसायला. मी सहा दिवस चाकणला प्रेसच्या मोटारी उघडतो-मिटतो, त्याबद्दल या घरात कुणी कधी एक प्रश्न विचारला नाही. पाहुणे म्हणाले, आम्ही पत्र्याची कॉईल थेट मिलमधून उचलतो — तर अण्णा खुर्ची पुढे ओढून ऐकायला लागले! पत्र्याची कॉईल! अण्णांनी तीस वर्षं फोर्जिंगमध्ये काढली, पत्रा काय पहिल्यांदा ऐकला?

जेवणानंतर आईच करिष्माला म्हणाली, दाखव की त्यांना तुझा ट्रक. करिष्मा खुर्चीवर बसली. आणि हा गडी सरळ माझ्या स्टुलावर! विचारणं नाही, काही नाही. त्याला काय माहीत म्हणा. पण करिष्माने तरी सांगावं की नाही? मी दारात उभा, हातात बडीशेपेची वाटी. वळण आलं तरी हा गप्प. येऊ दे नाही, कट मार नाही. नुसतं "अरे वा, मस्त!" रस्ता गायब झाला तेव्हाही "अरे वा!" त्याला वाटलं गेमच तसा आहे. करिष्मा हसली.

पोटात दुखलं. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचणार. सव्वीस वर्षांचा घोडा झालोय आणि एका प्लास्टिकच्या स्टुलावरून जळतोय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

स्टुलाचा एक पाय हलतोय. बुधवारपर्यंत हलत नव्हता.

सोमवार, १५ सप्टेंबर

त्याचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला. जेवणाच्या आधी. करिष्माचा मोबाईल टेबलावर थरथरत राहतो आणि ही नुसती बघत बसते. कट व्हायच्या बेताला उचलते. आई खूष. "लाजती माझी बाय!"

माझ्या फोनला कधी लाजली नाही! पहिल्या रिंगला उचलून "काय आणायचंय ते पटकन बोल" म्हणते. लाजायला लावणारा हा कोण एवढा टिकोजीराव लागून गेला? बोलते पण किती — हो. नाही. बरं. ठीक आहे. दहा मिनिटं एवढंच. माणूस फारच आवडला की शब्द सुचत नाहीत म्हणतात, तसलंच असणार काहीतरी.

फोन ठेवल्यावर म्हटलं, चल, एक फेरी मारू घाटातून. म्हणाली, नको दादा, परत रस्ता जाईल. डोकं दुखतंय.

पूर्वी डोकं दुखलं तर गेम खेळायची.

गुरुवार, १८ सप्टेंबर

परत पाहुणे. या वेळी पेढे आणि केळी. आणि एक घोषणा!

झालं असं — आईला पोटात काही ठेवता येत नाही. तिनेच सांगितलं की कॉम्प्युटरचा चित्र काढणारा बिघडलाय, नवनाथ पितरपाट संपायची वाट बघतोय. पाहुण्यांनी लगेच छाती पुढे काढली. "आई, दसऱ्याला मी देतो ना! नवीन कोरं. आमच्या आजीला पण तुमच्याकडे यायचंच आहे. पूजेतच ठेवू आणि मुहूर्तावर सुरू करू."

आई! माझ्या आईला आई म्हणतो! अण्णा म्हणाले, कशाला उगाच खर्च — पण तोंडावर हसू मावत नव्हतं. मी म्हटलं, मी एक बघून ठेवलंय. अण्णा म्हणाले, "तुझं जुनं हाय ना? राहू दे मग."

राहू दे मग. तीन शब्दांत माझा निकाल. खंडूकडचं कार्ड मी स्वतः त्याच्या मशीनला लावून तासभर चालवून बघितलं होतं. हा दुकानात जाईल, काउंटरवर बोट दाखवेल आणि डबा घेऊन येईल. जास्त प्रेम कुणाचं? पण डबा चकचकीत पाहिजे ना सगळ्यांना.

पितरपाट नसता तर गेल्याच गुरुवारी माझं कार्ड बसलं असतं. मग काय आणणार होता दसऱ्याला? केळी!

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. पितरपाट संपला. पहिल्या शिफ्टवरून सुटलो तो थेट खंडूकडे जायला निघणार, तर अण्णांचा फोन. ह्यांना सगळं कळतं. "नवनाथ, पाहुण्यांनी जाहीर केलंय. त्यांचा मान राख. पोरगी द्यायचीय आपल्याला."

खंडूला सांगितलं, विकून टाक. त्याने कारण विचारलं नाही, तेवढंच बरं.

बुधवार, २४ सप्टेंबर

आज एक गोष्ट केली. नीट लिहून ठेवतो, कारण बाहेर कुणाला सांगता येणार नाही.

दुपारी व्हॉट्सॲपवर पाहुण्यांचा फोटो आला. दुकानातूनच. कार्डाचा डबा, पुढून आणि मागून. खाली लिहिलेलं — "भाऊ, हे घेऊ ना? आपल्या मशीनला चालेल ना? तुम्ही सांगाल तसं."

डब्याच्या मागे स्पष्ट छापलंय, किमान साडेपाचशे वॉटचा सप्लाय लागेल. आमच्या कॉम्प्युटरच्या मागचा पॉवर सप्लाय चारशेचा. तोही लोकल, स्टिकरवरचं चारशे प्रत्यक्षात तीनशेच्या वर जात नसेल. मीच बसवलाय, मला माहीत नाही? रोजचं काम आहे माझं. कोणत्या लाईनवर किती लोड, हे झोपेत सांगेन.

दोन ओळी लिहायच्या होत्या. भाऊ, सोबत नवा एसएमपीएस, म्हणजे मोठा सप्लाय घ्या, नाहीतर लहान कार्ड घ्या. बस. एवढंच.

मी अंगठा पाठवला. हातातलं काम थांबवून, ग्रीस पुसून, अंगठा.

काय होईल? गेम सुरू केला की लोड वाढेल आणि मशीन बंद पडेल. दोनदा, तीनदा. सगळ्यांसमोर पाहुण्यांचं तोंड उतरेल. मग मी उठेन, म्हणेन, पाहुणे, कार्ड चांगलं आहे पण मशीन ओळखून घ्यावं लागतं. आणि दोन दिवसांनी सगळं नीट करून देईन. माझ्या हाताने. करिष्मासमोर.

यात कुणाचं काय बिघडतंय? काही नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पाहुणे दहा मिनिटं येऊन गेले. जाताना माझा हात हातात घेऊन — "भाऊ, तुम्ही ओके दिलं म्हणून बिनधास्त घेतलं बघा. आपल्याला त्यातलं शून्य कळतं."

सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आईने त्याला डब्यात लाडू भरून दिले. मला सकाळी म्हणाली होती, संपले.

मिटलं तोंड.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. कंपनीत पूजा. प्रेसला झेंडूच्या माळा, पॅनलला हळदीकुंकू, टूलबॉक्सला कुंकू. साहेबांनी नारळ फोडला. आमच्या डिपार्टमेंटच्या फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझी होती. लिहिलं — लोड ओळखा, मगच स्विच टाका. साहेब म्हणाले, वा नवनाथ!

लाज वाटली. थोडी.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

चारला पाहुणे आले. रविराज आणि त्याची आजी, कुशाबाई. ऐंशीची असेल, पण आवाज खणखणीत. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही, हे रविराजच सांगत असतो. आईने पाट मांडला होता. त्यावर अण्णांचे पाने, माझा टेस्टर, आईची विळी, करिष्माची पुस्तकं आणि मधोमध ते कार्ड. दोन पंख्यांचं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. कुशाबाईंनी त्याला झेंडूचं फूल वाहिलं. "ह्यो काय रेडिओ हाय व्हय?" सगळे हसले.

कार्ड बसवलं मी. माझ्याच हाताने. सप्लायची वायर कार्डाला लावताना दिसत होतं, ही बारीक वायर, हा बारका सप्लाय. करिष्मा बॅटरी धरून शेजारी उभी होती, पूर्वीसारखी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू आवळत राहिलो.

बटण रविराजने दाबलं. चालू झालं! आकाशाला आकाशाचा रंग, रस्ता सरळ, झाडं जागच्या जागी. आई टाळ्या वाजवायला लागली. करिष्माने ट्रक घाटात घातला. मी मनात मोजत होतो — आता बंद पडेल. आता.

बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. मागून फाट्‌कन आवाज झाला. ठिणगी. जाळीतून काळा धूर, जळक्या रबराचा वास, आणि एमसीबी पडून घरातले सगळे दिवे गेले. पंखा थांबला. अंधारात फक्त पाटावरची समई. मला करिष्माचा श्वास ऐकू आला, हसल्यासारखा. घाबरली की ती तशीच हसते.

मी एमसीबी उचलला. उजेड आला तर कुशाबाई उभ्या होत्या. चप्पल शोधत होत्या.

"आमच्या हातची पयली वस्त. दसऱ्याच्या दिवशी. पूजा करून. आन् जाळ!" मग रविराजकडे वळून, "चल. हितं बसायचं न्हाई आता."

रविराज म्हणाला, "आजी, अगं वायरिंगचं काहीतरी—" त्यांनी हात वर केला, तो गप्प. पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फोन आला, अण्णांना. रविराजच्या वडिलांचा. पत्रिका छापायला टाकू नका. आजीच्या मनात किंतू आलाय, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर बघू म्हणजे काय, ते अण्णांना कळतं. मलाही कळतं.

आई सकाळपासून देव्हाऱ्यापुढे. मधेच म्हणते, "नवनाथनं तर किती नीट बसवलं व्हतं!" तीनदा म्हणाली. प्रत्येक वेळी मी पाणी प्यायला उठलो.

करिष्मा मात्र धीराची! काल जेवली. दोन पोळ्या. रात्री शांत झोपली. सकाळी केस धुतले, गाणं गुणगुणत कामावर गेली. आमच्यासाठी उसनं अवसान आणतेय पोरगी. मला जास्तच वाईट वाटलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सप्लाय उघडून बघितला. आतला कपॅसिटर फुटलाय. कार्ड शाबूत असावं. अपशकुन वगैरे काही नाही, माझा अंगठा आहे.

बोललो नाही. मिठाची गुळणी धरून बसलोय.

आणि खरं सांगू? साडेसातला फोन वाजला नाही. करिष्मा माझ्याशेजारी येऊन टीव्ही बघत बसली, शेंगदाणे खात. मला बरं वाटलं. असा मी आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

आजही नाही बोललो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बोलावं लागणार.

दुसऱ्या शिफ्टला निघत होतो. जिन्यात खालच्या सोजरबाई आईला थांबवून विचारत होत्या — खरं का, पोरीनं हात लावला आन् पेट घेतला? आई तशीच वर आली आणि भिंतीला टेकून बसली. अण्णा म्हणाले, "गावाकडं पण कळलंय. आता पांढऱ्या पायाची म्हणणार माझ्या लेकीला. दुसरं स्थळ आलं तरी हेच विचारणार."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं! मला वाटलं, पडलं तर रविराजचं तोंड पडेल. पडलं करिष्माचं. आयुष्यभर हिच्या नावाला हे चिकटणार, आणि कशामुळे? मी एका स्टुलावरून जळलो म्हणून?

बसमध्ये सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होतो. अण्णांना आधी सांगितलं तर ते जाऊ देणार नाहीत, लाजेने. घरी कुणालाच सांगत नाही. परवा सुट्टी. सरळ वाडीवर जातो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गेलो. बोललो. आलो!

मोटरसायकलवर जळका सप्लाय पिशवीत बांधून नेला. चाकणचं ट्रॅफिक लागलं, तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा विचार दोनदा आला. पोचलो तेव्हा सगळे ओट्यावरच होते. कुशाबाई शेंगा निवडत होत्या, रविराज, त्याचे वडील बन्सी. मी चहाला नको म्हटलं. आधी ऐका म्हटलं.

सप्लाय ओट्यावर ठेवला. मोबाईल काढला. तो फोटो दाखवला, त्याखालचा अंगठा दाखवला. कुशाबाई म्हणाल्या, "ह्यो अंगठा कुनाचा?"

"माझा. मला माहीत होतं जळेल. म्हणजे बंद पडेल असं वाटलं होतं. पण झेपणार नाही हे माहीत होतं, तरी चालेल म्हणालो."

कुणाला काही कळेना. मग मला विहीर दिसली. म्हटलं, "आजी, विहिरीवर तीन एचपीच्या मोटारीचा स्टार्टर आहे. त्यावर कुणी पाचची मोटार लावली तर?"

"जळंल की स्टार्टर! ह्या बन्सीनं एकदा केलं व्हतं तसं. आख्खी वायर भाजली."

"तेव्हा तुम्ही अपशकुन म्हणालात का?"

"अपशकुन कशाचा? शिव्या घातल्या त्याला."

"मग मला घाला."

आणि घातल्या! दहा मिनिटं. काही शब्द मी पहिल्यांदा ऐकले. बन्सीकाका मान खाली घालून हसत होते. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाल्या, "पन असं केलंस कामून? आमी काय वाकडं केलं तुझं?"

सांगितलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, मला पाहुणे बघवत नव्हते. माझ्या जागेवर बसायचे, माझ्या बहिणीशेजारी. घरात सगळे त्यांचंच कौतुक करायचे.

कुशाबाई परत शेंगा निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी देवाचं काय न्हाई त्यात, समदं तुझंच हाय. बन्सी, लाव फोन त्यांना. पत्रिका छापा म्हनावं."

रविराज फाट्यापर्यंत सोडायला आला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तो म्हणाला, "भाऊ, डब्यावरचं मी पण जळल्यानंतर फोटोत वाचलं होतं. मला वाटलेलंच. पण म्हटलं, तुम्ही बोलाल तेव्हा बोलाल." आणि खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे माफ करण्यातसुद्धा हाच पुढे! पहिल्यांदा त्याचा राग येता येता राहिला. माणूस चांगला आहे. लिहिताना बोटं दुखतायत, पण आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत असं आईने कळवलंय. आई स्वतः आधी रडली, मग पाठीत धपाटा घातला, मग चहा दिला. लग्न तीस नोव्हेंबरला. गुरुजींनी काढून दिली तारीख, दोन्हीकडून होकार झाला.

पांढऱ्या पायाचं बोलणं बंद. सोजरबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. आता जिन्यात सगळे माझ्याकडेच बघून कुजबुजतात. बघू देत. आठ दिवसांनी पोटभर जेवलो.

करिष्माला लवकर झोप आली. तिची बाजू घेऊन गेलो होतो, निदान "दादा" तरी म्हणायचं. रागावली असेल, आणि बरोबरच आहे म्हणा, तिचंच लग्न मोडायला निघालो होतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

खंडूकडून साडेसहाशेचा चांगला एसएमपीएस आणला. बसवला. कार्ड खरंच शाबूत निघालं! घाट काय दिसतोय! दरीतलं धुकं, पुढच्या ट्रकवरचा चिखल, वळणावर लावलेला आरसा — सहा वर्षांत हा आरसा कधी दिसलाच नव्हता आम्हाला.

करिष्माला हाक मारली. स्टुलावर बसून तयारच होतो. दारातून बघितलं तिने. छान झालंय म्हणाली. नंतर खेळते म्हणाली. साडेसातला फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला.

एकट्यानेच ट्रक चालवला. मला नाही जमत. दरीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलो, ती तिथे होती. म्हटलं, अजून रागावलीस का? म्हणाली, "दादा, सप्लाय बारीक आहे हे मलाही माहीत होतं. तू वायर लावत होतास तेव्हाच दिसलं. मी पण गप्प बसले."

का?

"मला लग्न नकोय रे. अण्णांनी शब्द दिला, मला विचारलंच नाही कुणी. ते जळलं तेव्हा वाटलं सुटले. तू सगळं माहीत असून आठवडाभर बोलला नाहीस. मला वाटलं, माझ्यासाठी बोलत नाहीस. एक तरी माणूस घरात ओळखून आहे."

मी म्हटलं, आत्ता जातो, अण्णांना सांगतो. कपडे टाकून जिन्याकडे वळलोसुद्धा. तिने हाताला धरलं.

"काय सांगशील? लोकांना तूच सांगून आलायस ना सगळं. आता म्हणतील, नवनाथला पाहुणे अजून बघवत नाहीत."